सातवा खडा

जयंतीच्या मिरवणुकीचे निळे झेंडे विजेच्या खांबांवर अजून फडकत असतात, तेवढ्यातच आमच्या हैदराबादेत ऊन डोक्यावर येऊन बसतं. हातगाड्यांवर मुंजल येतात, म्हणजे आपले ताडगोळे. कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरलं की पहिले दोन दिवस घरभर ओल्या पेंढीचा वास सुटतो. हे सगळं मला आवडायचं. आता आवडत नाही. माझी बायको, सुजाता, विचारणाऱ्यांना सांगते की हे वयामुळे. वय झालंच आहे, त्यात काय! पण उन्हाळ्याचं आणि माझं बिनसलं ते फार आधी, माझी पस्तिशीही उलटली नव्हती तेव्हा.

यंदा त्यात भर म्हणून शेजारचं बैठं घर पाडलंय. तिथे पाच मजले चढायचे आहेत आणि गाड्या ठेवायला खाली तळघर हवं. आमच्या बरकतपुऱ्यात काय किंवा पलीकडे हिमायतनगरात काय, जरा खणलं की खडक लागतो. तो फोडायला सकाळी आठपासून कॉम्प्रेसर सुरू. बिल्डरचा माणूस येऊन गोड बोलून गेला, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे अंकल, म्हणाला. सुजातानं खिडक्या लावून फटींत ओली फडकी कोंबली, तरी टेबलावर बोट फिरवलं की रेघ उठते. ती धूळ जिभेवर आली की मी उठून आतल्या खोलीत जातो. सुजाता एकदा माझ्याकडे बघते. तिला माहीत आहे.

आतल्या खोलीत काचेचं कपाट आहे आणि त्यात माझे दगड आहेत. मी एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. साहेब लोक रानावनात हिंडून टिपणं आणायचे आणि आम्ही त्यावरून जमिनीखालच्या थरांचे नकाशे शाईनं काढायचो. रेघ केसभर सरकली तर कागद बाद. असल्या कामात माणूस एकतर कंटाळतो, नाहीतर त्याला दगडांचं वेड लागतं. मला वेड लागलं. सुजाताच्या भाषेत सांगायचं तर येड लागलं, आणि तिचं खरं आहे.

हैदराबादचा खडक तांबूस, ठिपक्याठिपक्यांचा. पण पश्चिमेला विकाराबाद ओलांडलं की काळा दगड सुरू होतो, आमच्या नांदेडकडचा असतो तोच. हा दगड कधीकाळी वितळलेला रस होता. तो थिजताना आत हवेचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. मग लाखो वर्षं त्यात पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरत गेले. बाहेरून बघाल तर पायाखाली घालायचा दगड. फोडला तर आत काय असेल ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा काहीच नसतं, हेही सांगून टाकतो.

दगड जमवणारे बहुतेक लोक एका जातीचा, सुट्टा, मोठा स्फटिक शोधतात. मला ते कधी रुचलं नाही. मला हवे असायचे ते जोडीनं वाढलेले, एकाच दगडावर तीन-तीन, चार-चार प्रकारचे. खाली पीचच्या रंगाचा स्टिल्बाइट, मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखा. त्याच्या अंगावर हिरवट, पाण्यासारखा नितळ अपोफिलाइट. कडेला मधाच्या रंगाचा कॅल्साइट. आणि नशीब असेल तर कुठेतरी कोपऱ्यात पांढऱ्या सुयांचा झुबका, फुंकर मारली तरी मोडेल असा. जो दुसऱ्याच्या अंगावर बसलाय तो नंतर आला, एवढं कळलं की दगडाकडे नुसतं बघून कोण आधी, कोण मागून ते सांगता येतं. सगळे एकाच पाण्यातून आलेले, पण प्रत्येकाचा तोंडवळा निराळा. मी तासन्‌तास बघत बसायचो. अशा दगडाला काढताना एकाही स्फटिकाला धक्का लागला की त्याची किंमत माझ्या लेखी शून्य. अखंड हवा म्हणजे अखंडच हवा. हा माझा हट्ट होता आणि मला त्या हट्टाचा अभिमान होता.

दर दुसऱ्या रविवारी मी नामपल्लीहून पॅसेंजर धरायचो. खांद्याला पिशवी, त्यात जुनी वर्तमानपत्रं, कापूस, टॉर्च आणि बेगम बाजारातून घेतलेली चहाची भुकटी नि गूळ. चहा-गूळ यादय्यासाठी. यादय्या विकाराबादच्या पुढच्या एका खाणीत सुरुंगाचं काम करायचा. जातीनं वड्डर, अंगानं बारका. दगडावर हातोडीची पाठ वाजवून ऐकायचा आणि आत पोकळी आहे का ते सांगायचा. पोकळीला तो बिलम म्हणायचा, आपलं बीळ. खडी करणाऱ्यांच्या दृष्टीनं बीळ म्हणजे खोट, ते सरळ क्रशरमध्ये जायचं. यादय्यानं माझ्यासाठी ते वाचवायला सुरुवात केली. चांगला तुकडा सापडला की ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायचा आणि मी आलो की बालम्मा, त्याची बायको, पदरात धरून आणायची. धान्याचा भुसा झटकून तो दगड उन्हात धरायचा तो क्षण... जाऊ दे.

तो मला साब म्हणायचा. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर रूळ ठोकले. त्यांना कुणी कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, 'ए' म्हणायचे सगळे. त्यांनी मला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं ते एवढ्यासाठीच, की पोराला कुणी ए म्हणू नये. त्यामुळे खाणीच्या काठावर उभा राहून यादय्या लांबून "आओ साब" म्हणायचा तेव्हा मला आतून फार बरं वाटायचं. मी अनेकदा म्हणालो की अरे, साब काय म्हणतोस. पण ते नुसतं म्हणायचं म्हणून.

मग बाजार खुला झाला. आमच्या ऑफिसात एका खोलीला गार हवा लावून दोन कॉम्प्युटर बसवले. आत जाताना चपला काढायला लागायच्या, आणि आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी बाहेर पंख्याखाली बसून आपलं काय होणार याची चर्चा करायचो. गल्लोगल्ली फोनचे पिवळे बूथ आले, खाणीच्या गावातसुद्धा एक आला. रस्ते रुंद व्हायला लागले, खडीला मागणी वाढली, क्रशर दिवसभर चालायला लागले. आणि दगड परदेशी जायला लागले. माझेच दगड. एक व्यापारी जीप घेऊन खाणीखाणीला फिरत होता, मुकादमांना सांगून ठेवत होता की बीळ लागलं की हात लावू नका, आधी मला कळवा. माझ्या पिशवीतल्या चहा-गुळाला आता कोण विचारणार, असं वाटून मी चिडचिडा झालो होतो. सुजाता म्हणायची, अहो, दगडच ना, जाऊ द्या की. तिच्यावर मी खेकसायचो.

असाच उन्हाळा होता, लग्नसराईचा. एका शनिवारी ऑफिसात यादय्याचा फोन आला, गावच्या बूथवरून. त्यानं आयुष्यात केलेला बहुधा पहिलाच फोन, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. बीळ लागलंय, मोठं, हात आत जात नाही पण चमकतंय. मुकादमानं व्यापाऱ्याला निरोप धाडलाय, सोमवारी सकाळी जीप येणार. उद्या वस्तीत लग्न आहे, खाणीत चिटपाखरू नसेल, तुम्ही या.

रविवारी अकराच्या सुमारास मी खाणीत होतो. मी टॉर्च लावून फटीला डोळा लावला. आत हिरवं होतं, पीच होतं, मध होता, आणि मागच्या अंधारात पांढऱ्या सुया होत्या. चारही. मी बारा वर्षं दगड बघत आलो होतो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. फटीतून गार हवा आली.

फट मोठी करायला भिंतीत सात बार भरायचे, असं यादय्यानं ठरवलं. दारू निम्मीच, म्हणजे भिंत सुटेल पण बिळाला हादरा बसणार नाही. हे त्याचं कसब. मी म्हणालो, यादय्या, अखंड निघाला पाहिजे. तो म्हणाला, हौ साब.

आता त्या खाणीतली एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. वाती पेटवणारा बार मोजत नाही. तो जीव घेऊन पळत असतो, त्याच्या कानात त्याचाच श्वास भरलेला असतो. मोजायला दुसरं माणूस लागतं, आडोशाला शांत बसलेलं. जितके बार भरले तितके खडे त्यानं डाव्या हातात घ्यायचे आणि एक बार उडाला की एक खडा समोर जमिनीवर टाकायचा. शेवटी हातात खडा उरला तर एक बार फसला, आत जिवंत आहे. मग दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्या भिंतीजवळ कुणी फिरकायचं नाही, कितीही काम अडलं तरी. यादय्याच्या बारांचे खडे नेहमी बालम्मा टाकायची. त्या दिवशी बालम्मा लग्नाला गेली होती, तिच्या बहिणीच्या मुलीचंच लग्न होतं. म्हणून यादय्यानं सात खडे उचलून माझ्या तळहातावर ठेवले.

मी एका मोठ्या धोंड्यामागे बसलो. उन्हानं धोंडा तापला होता, पाठ टेकवत नव्हती. यादय्या वाती पेटवून धावत आला आणि माझ्यापासून दहा-पंधरा हातांवर आडवा झाला. पहिला बार उडाला, खडा टाकला. दुसरा. तिसरा. चौथा आणि पाचवा जवळजवळ एकत्र आले, मी दोन टाकले. सहावा. मग काही नाही.

मी वाट पाहिली. वरून बारीक खडी पडत होती, तीही थांबली. लांबून लग्नातला बाजा ऐकू येत होता. हातात एक खडा होता. माझ्या मनात काय आलं ते मला स्वच्छ आठवतं, विसरलो म्हणालो तर खोटं होईल. उद्या सकाळी जीप येईल, असं आलं. त्यानंतर आलं की चौथा-पाचवा एकत्र आले तेव्हा कदाचित तीन असतील. तीन नव्हते. मला माहीत होतं की तीन नव्हते. मी तो खडा टाकला.

यादय्यानं मान उचलून विचारलं, "कित्ते साब?"

मी म्हणालो, "सात."

तो उठून माझ्याजवळ आला, जमिनीवरच्या खड्यांकडे बघितलं, धूर बसू दिला आणि भिंतीकडे गेला. पहिला तुकडा त्यानं दहा मिनिटांत काढला. तळहाताएवढा, तीन जातींचा, कुठेही टवका नाही. दोन्ही हातांवर घेऊन तो माझ्यापर्यंत आला, मला दिला, आणि मोठ्या तुकड्यासाठी परत गेला. मी पिशवीतून कापूस काढायला खाली वाकलो होतो. त्यानं फटीत पहार घातली आणि सातवा बार उडाला.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. लग्नातून धावत आलेली माणसं, काहींच्या कपाळावर अजून अक्षता चिकटलेल्या. ट्रॅक्टर. बालम्माची नवी साडी आणि तिनं तीच फाडून त्याच्या तोंडाला गुंडाळलेली. विकाराबादहून हैदराबादच्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन्ही डोळे गेले. डाव्या हाताची बोटं गेली. घरी पोचलो तेव्हा सुजातानं पिशवी उघडली. दगड वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला होता, आधी कापूस, मग कागद, वरून सुतळी. तो मी कधी गुंडाळला? यादय्या तिथे पडलेला असताना मी हे केलं असणार, दुसरा वेळच नव्हता. मला काही आठवत नाही, आणि याची मला जितकी भीती वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

सोमवारी जीप आली आणि उरलेलं बीळ घेऊन गेली, असं नंतर कळलं.

पोलीस आले तेव्हा मी म्हणालो की मी लांब लिंबाखाली होतो, यादय्यानं स्वतःच मोजले. मी शिकलेला, सरकारी नोकरीतला, माझी सही झाली आणि कागद मिटला. मुकादमानं सगळ्यांसमोर बालम्माला झापलं, मोजणारी बाई नटून लग्नाला गेली तर दुसरं काय होणार. वस्तीतले लोक तेच बोलायला लागले. आणि बालम्मा स्वतःही. दवाखान्याच्या जिन्यात तिनं माझे पाय धरले, साब नसते तर माझा माणूस तिथेच मेला असता म्हणून. मी पाय मागे घेतले. एवढंच केलं.

माझी मुलगी परवा कपाटासमोर उभी होती. ती कंपनीत कामाला आहे, घरी तेलुगू-हिंदी-इंग्लिशचं कालवण बोलते. फोनवर एका दगडाचा फोटो काढत म्हणाली, "बाबा, ये वाला एकदम परफेक्ट है, इसके कित्ते पैसे आते, मालूम?" तिला नेमका तोच सापडला होता. मी म्हटलं, त्याला हात लावू नकोस. तिला मराठी वाचायला लावलं तर ती अक्षर अक्षर जोडत बसते आणि दुसऱ्या ओळीला सोडून देते. म्हणून तर हे मराठीत लिहितोय. ही माझी हुशारी कुणाच्या लक्षात येणार नाही असं समजू नका, मला ती दिसते आहे. यादय्या आणि बालम्मा यांना तर कुठलंच अक्षर येत नव्हतं, आणि आता ऐकायलाही दोघांपैकी कुणी उरलेलं नाही.

त्या स्फोटानंतर वर्षभर मी गप्प राहिलो. झोप उडाली, ऑफिसात नकाशे चुकायला लागले. मग एका दुपारी, पुढच्याच उन्हाळ्यात, जेवता जेवता सुजाताला सगळं सांगून टाकलं. ती माझ्यावर चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "हे मला सांगून तुम्ही सुटला का? ती बाई वर्षभर स्वतःला खातेय. जा, आणि तिला सांगा."

मी पुढच्या रविवारी गेलो. पिशवीत चहा होता, गूळ होता, वर्तमानपत्रं नव्हती. यादय्या झोपडीबाहेर लिंबाच्या सावलीत बाजेवर बसला होता. माझ्या पावलांवरून त्यानं ओळखलं, उठायला लागला, मी त्याला खांदे धरून बसवलं. बालम्मा पाण्याला गेली होती. बरं झालं, असं मला वाटलं. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि बालम्मा यायच्या आत बोलून टाकलं, की त्या दिवशी सात नव्हते.

त्यानं उरलेला हात कानावरून फिरवला. मग म्हणाला, "मालूम है साब. छेच थे. मैं बी सुना ना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. मी विचारलं, मग गेलास कशाला?

"तुम सात बोले," तो म्हणाला. "नीचे देखा तो खडे बी सात. तुम पढ़ेलिखे आदमी, नकशा बनाते. मैं सोचा मेरे कानां खराब."

मी काय सांगू! माझ्या बापानं मला शाळेत घातलं ते काय याच्यासाठी? मी तिथे मातीत बसून रडलो. यादय्यानं उरलेल्या हातानं चाचपून माझा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. जरा वेळानं म्हणाला की हे त्यानं बालम्माला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. "वो तुमारी बात है," म्हणाला, "तुम बोलना. मैं नक्को."

तेवढ्यात बालम्मा आली. डोक्यावरची घागर उतरवली, मला बघून तिचा चेहरा खुलला, आणि आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. वर्षभरात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. पाणी माझ्या हातात देता देता ती जे बोलली, ते ती आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत असणार, शब्द अगदी पाठ झाल्यासारखे होते.

"मेराच पाप है साब. उस दिन मैं शादी कू नै जाती तो इनके आंखां नै जाते."

यादय्यानं तोंड माझ्या बाजूला वळवलं आणि तो थांबला. बालम्माही थांबली, कारण मी काहीतरी बोलणार असं तिला माझ्या तोंडावरून वाटलं असावं. मी तांब्या वर केला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग चारची गाडी चुकेल म्हणालो आणि उठलो. तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.